लेखकाचे तीस रुपये

मराठी पुस्तकांच्या पीडीएफवरून होणारा वाद आता जवळजवळ पाठ झाला आहे. वाचकांच्या एखाद्या व्हॉट्सॲप गटात गाजलेल्या कादंबरीची फाइल येऊन पडते. एक जण म्हणतो, ही चोरी आहे, काढून टाका. दुसरा म्हणतो, मराठी वाचणारे आधीच कमी, कुणी वाचतंय तर वाचू द्या की. तिसरा कोऱ्या कागदाच्या वासाबद्दल लिहितो, चौथा मोबाइलने डोळे बिघडतात म्हणून ई-बुकच नको म्हणतो. तासाभरात मूळ मुद्दा बाजूला पडतो आणि छापील पुस्तक श्रेष्ठ की पडद्यावरचं, या कधीच न सुटणाऱ्या प्रश्नावर मंडळी येऊन थांबतात. फाइल तोवर आणखी चार गटांत पोचलेली असते. ते पुस्तक ज्याने लिहिलं त्याला एका प्रतीमागे किती रुपये मिळतात, ते कोण देतं आणि कधी देतं, हे या सगळ्यात क्वचितच कोणी विचारतं.

माझं म्हणणं सुरुवातीलाच मांडून ठेवतो. पुस्तक कागदावर वाचलं की पडद्यावर, याने साहित्याचं काही बिघडत नाही. कॉपीराइटची मुदत न संपलेल्या पुस्तकाची फाइल लेखकाला न विचारता वाटणं मात्र चूक आहे, आणि त्याला वाचनप्रसार म्हटलं तरी ते चूकच राहतं. ‘आयजीच्या जिवावर बायजी उदार’ ही म्हण अशाच दानासाठी आहे. पण नुसतं चोर-चोर ओरडून हे थांबणार नाही, कारण रीतसर विकत घ्यायची वाट आपण अरुंद ठेवली आहे आणि लेखकाचा हिशेब अंधारात ठेवला आहे. वाचकाला दोष देताना ही वाट रुंद करायची जबाबदारी प्रकाशक, ग्रंथालयं आणि सरकार यांच्यावर टाकली नाही, तर तो दोष नैतिक उपदेशापलीकडे जाणार नाही.

आधी पैशांचं बोलू, कारण तिथेच सर्वांत जास्त गैरसमज आहेत. उदाहरणासाठी दोनशे पानांचं, ३०० रुपये किमतीचं, हजार प्रतींच्या आवृत्तीचं पुस्तक घ्या. वितरक आणि विक्रेते यांची सवलत मिळून ४५ टक्के धरली तर १३५ रुपये तिथे जातात. कागद, छपाई, बांधणी यांना ७५ रुपये धरू. लेखकाची रॉयल्टी छापील किमतीच्या १० टक्के, म्हणजे ३० रुपये. उरले ६० रुपये, आणि त्यातून अक्षरजुळणी, संपादन, मुद्रितशोधन, मुखपृष्ठ, गोदाम, हमाली, कार्यालयाचं भाडं आणि झालाच तर नफा. हे आकडे पुस्तकागणिक बदलतील, पण प्रमाण साधारण असंच राहतं. हजारातल्या हजार प्रती खपल्या तरी लेखकाच्या हातात ३० हजार रुपये येतात, आणि तेही दोन-तीन वर्षांत तुकड्यातुकड्याने. ज्या कादंबरीला दोन वर्षं लागली, ज्या संशोधनासाठी दप्तरखान्यांत खेटे घातले, त्याचा हा मोबदला. आणि हा झाला रॉयल्टी मिळणारा लेखक. कवितासंग्रह काढणाऱ्या कित्येकांना तर छपाईचा खर्च स्वतःच्याच खिशातून द्यावा लागतो.

आता ई-बुक. वाचक म्हणतो, कागद नाही, छपाई नाही, गोदाम नाही, मग किंमत निम्मी का नाही? प्रश्न रास्त आहे आणि उत्तर ‘निम्मी करायलाच हवी’ असंच आहे. प्रकाशक छापील किमतीच्या ८०-९० टक्के दराने ई-बुक विकतो तेव्हा तो वाचकाला पीडीएफकडे ढकलतो. पण निम्म्या किमतीत लेखकाचं काय होतं ते पाहा. छापील पुस्तकावर जीएसटी नाही. ज्याची छापील आवृत्ती आहे अशा ई-बुकवर २०१८ पासून ५ टक्के आहे. १५० रुपयांतून कर वजा जाता १४३ उरतात, ई-बुक विकणाऱ्या संकेतस्थळाने, म्हणजे विक्रीमंचाने, ४० टक्के घेतले तर प्रकाशकाकडे सुमारे ८६ येतात. लेखकाशी करार ‘निव्वळ प्राप्तीच्या २५ टक्के’ असा असेल, तर त्याला साधारण २१ रुपये मिळतात. ऐकायला २५ टक्के हे दहापेक्षा कितीतरी जास्त वाटतात, पण प्रत्यक्षात लेखकाचे ९ रुपये कमी झाले! छापील किमतीवरची टक्केवारी आणि निव्वळ प्राप्तीवरची टक्केवारी या दोन वेगळ्या मोजपट्ट्या आहेत, आणि करार वाचताना लेखक नेमका इथे फसतो. या उदाहरणात त्याला ३० रुपये कायम ठेवायचे असतील तर निव्वळ प्राप्तीच्या ३५ टक्के मागायला हवेत. कागदाचे आणि बांधणीचे पैसे वाचले, त्याचा फायदा वाचकाला स्वस्ताईच्या रूपाने मिळाला, मंचाला हिस्सा मिळाला. मजकूर तोच असताना एकट्या लेखकाचाच वाटा का घटावा?

ई-बुक म्हणजे काहीच खर्च नाही, हाही एक भ्रम आहे. श्री-लिपी, आकृती यांसारख्या जुन्या फाँटांत जुळवलेली मराठी पुस्तकं पेजमेकर या पानं जुळवायच्या जुन्या सॉफ्टवेअरच्या फाइलींत पडून आहेत. त्या फाँटांत देवनागरी अक्षरांची चित्रं इंग्रजी अक्षरांच्या जागी बसवलेली होती. फाँट काढला की मजकुराच्या जागी इंग्रजी अक्षरांची आणि चिन्हांची खिचडी दिसते. ती युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या यंत्रांना कळणाऱ्या अक्षरसंकेतांत, आणताना ‘दऱ्याखोऱ्या’तला ऱ्य मोडतो, ‘तऱ्हा’ची ‘तर्हा’ होते, रफार शेजारच्या अक्षरावर जाऊन बसतो, ऱ्हस्व वेलांटी भलत्याच व्यंजनाला चिकटते. दोनशे पानांत साधारण ६० हजार शब्द असतात. रूपांतर ९९ टक्के अचूक झालं तरी ६०० चुका उरतात, म्हणजे पानाला तीन. त्या शोधायला मराठी जाणणारा माणूसच बसवावा लागतो. मग कवितेच्या ओळी कुठे तुटाव्यात, तळटीपा कुठे जाव्यात, हे पाहून ईपब, म्हणजे ई-बुकची खास फाइल, तयार करायचा. मोबाइलवर अक्षर मोठं केलं की ईपबमधला मजकूर त्या मापाने नव्याने रचला जातो. पीडीएफमध्ये पान जसंच्या तसं राहतं, म्हणून प्रत्येक ओळ डावी-उजवी सरकवत वाचावी लागते. मोबाइलवर वाचवत नाही अशी तक्रार करणाऱ्यांपैकी अनेकांनी चांगलं ई-बुक कधी उघडलेलंच नसतं. त्यांनी वाकड्या धरलेल्या पुस्तकाचे फोटो वाचलेले असतात. दृष्टिहीन वाचकासाठी तर हा फरक सोयीपुरताही राहत नाही. युनिकोड मजकूर फोनला वाचून दाखवता येतो, पानाचा नुसता फोटो त्याच्यासाठी कोरा कागद असतो. अशा वाचकांसाठी पुस्तकाचं सुलभ रूप तयार करायला आपल्या कायद्याने २०१२ पासून सूट दिली आहे, आणि या विषयावरचा माराकेशचा आंतरराष्ट्रीय करार भारताने २०१४ मध्ये सर्वांत आधी मान्य केला. हे आपण अभिमानाने सांगायला हवं, आणि त्याला जोड म्हणून प्रत्येक नव्या मराठी पुस्तकाची युनिकोड प्रतही असायला हवी.

फाइल वाटणाऱ्यांच्या बाजूचा सर्वांत भक्कम मुद्दा असा, की फुकट फाइल घेणारा प्रत्येक जण एरवी ग्राहक झालाच असता असं नाही. हे खरं आहे. पाच हजार फोनांत फाइल गेली म्हणून पाच हजार प्रती बुडाल्या, हा हिशेब खोटा आहे आणि प्रकाशकांनी तो मांडणं सोडावं. अनेक लोक ती फाइल उघडतही नाहीत. पण मग किती बुडाल्या? समजा शंभरातले ९७ जण कधीच विकत घेणार नव्हते, फक्त तिघांनी घेतली असती. पाच हजारांचे तीन टक्के म्हणजे १५० प्रती. वरच्याच उदाहरणात त्या १५० प्रती ठेवून पाहा. हजारातल्या ७०० खपल्या तर प्रकाशकाकडे प्रतीमागे १६५ प्रमाणे १ लाख १५ हजार ५०० रुपये येतात. छपाईचे ७५ हजार आणि लेखकाचे २१ हजार वजा जाता १९,५०० उरतात, जेमतेम जुळणी-मुखपृष्ठापुरते. ५५० खपल्या तर येतात ९० हजार ७५०, आणि जुळणी-मुखपृष्ठाचा हिशेब न धरताच साडेसातशे रुपये तोटा होतो. लाखांनी खपणाऱ्या इंग्रजी कादंबरीला तीन टक्के ओरखडाही काढणार नाहीत. मराठीत तेच तीन टक्के त्या लेखकाचं पुढचं पुस्तक निघणार की नाही हे ठरवतात. फुकट फाइलीने जाहिरात होते, असंही सांगितलं जातं. पण ज्याचं पुढचं पुस्तकच निघालं नाही त्याने त्या जाहिरातीचं करायचं काय?

दुसरा आक्षेप ग्रंथालयाचा. वाचनालयातलं एक पुस्तक शंभर जण वाचतात, रद्दीवाल्याकडून आलेली प्रत फुटपाथवर पुन्हा विकली जाते, मित्र मित्राला पुस्तक देतो. त्यात लेखकाला काय मिळतं? मग फाइलीलाच का अडवता? फरक आहे तो प्रतीच्या स्वभावात. वाचनालयाने ती प्रत विकत घेतलेली असते, ती एका वेळी एकाच्याच हातात असते, दुसऱ्याला थांबावं लागतं, आणि पन्नास वाचकांनंतर ती शिवणीतून सुटते. मग आवडत्या पुस्तकाची नवी प्रत घेतली जाते. मित्राला दिलेलं पुस्तक आपल्या कपाटातून जातं, कधीकधी कायमचं. फाइल पाठवणाऱ्याकडे राहते आणि घेणाऱ्याकडेही पोचते. अमेरिकेत इंटरनेट आर्काइव्ह या संस्थेने एक छापील प्रत, एक वाचक असं बंधन ठेवून स्कॅन केलेली पुस्तकं उसनी द्यायला सुरुवात केली होती. टाळेबंदीत, मार्च २०२० मध्ये, तिने तेही बंधन काही काळ उठवलं. चार प्रकाशक कोर्टात गेले आणि २०२३ मध्ये निकाल संस्थेच्या विरोधात गेला, २०२४ मध्ये अपिलातही तोच कायम झाला. ‘एक प्रत, एक वाचक’ ही कल्पना कोर्टाने नाकारली याचं मला वाईट वाटतं, कारण ती ग्रंथालयाच्या मूळ तत्त्वाशी प्रामाणिक होती. पण तिचा बचाव करायचा तर तो याच शिस्तीच्या आधारे करावा लागतो, आणि नेमकी तीच शिस्त व्हॉट्सॲप गटात नसते.

पुस्तक बाजारात मिळतच नाही, मग काय करायचं? हा तिसरा आक्षेप मला सर्वांत जास्त अस्वस्थ करतो, कारण इथे वाचक बहुतेक वेळा बरोबर असतो. चांगल्या मराठी पुस्तकांची आवृत्ती संपते आणि वीस-वीस वर्षं पुनर्मुद्रण होत नाही. प्रकाशक हक्क धरून बसतो, छापत नाही, सोडतही नाही. लेखक गेलेला असतो आणि वारसांना कराराचा कागद सापडत नाही. तालुक्याच्या गावी पुस्तकाचं दुकानच नसतं. सिडनीत किंवा न्यू जर्सीत राहणाऱ्या मराठी माणसाला पुस्तकापेक्षा टपालखर्च जास्त पडतो. अशा वाचकाला तुरुंगाची भीती घालणं निरर्थक आहे. तरीही उपाय गटात फाइल टाकणं हा नाही, आणि त्याची गरजही नाही. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्येच तरतूद आहे, की जे पुस्तक भारतात विक्रीला उपलब्ध नाही त्याच्या तीनपर्यंत प्रती विनानफा सार्वजनिक ग्रंथालय आपल्या वापरासाठी करू शकतं, आणि आपल्याकडच्या छापील पुस्तकाची डिजिटल प्रत जतनासाठी ठेवू शकतं. आपल्या किती वाचनालयांनी ही सवलत वापरली? दुसरा उपाय लेखकाच्या हातात आहे. करारातच लिहून घ्यायचं, की आवृत्ती संपल्यानंतर एक वर्षात पुनर्मुद्रण किंवा ई-बुक निघालं नाही तर हक्क लेखकाकडे परत.

कायदा लेखकाला वाटतं त्यापेक्षा बराच अनुकूल आहे. हक्क द्यायचा तर करार लेखीच हवा. मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरली जाते. प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. मिळालेला हक्क प्रकाशकाने वर्षभरात वापरला नाही आणि करारात वेगळं काही म्हटलेलं नसेल, तर तो हक्कही संपतो. २०१२ च्या दुरुस्तीने कलम १८ मध्ये आणखी एक गोष्ट आली: करार झाला तेव्हा जे माध्यम अस्तित्वात किंवा व्यापारी वापरात नव्हतं, त्याचा नावानिशी उल्लेख नसेल तर तो हक्क दिला असं मानता येत नाही. दुरुस्तीच्या आधीच्या करारांना हे कितपत लागू पडतं यावर वकील वाद घालतील, पण १९८५ सालच्या दोन ओळींच्या कागदावर बोट ठेवून कोणी ई-बुक काढत असेल तर लेखकाने हे कलम समोर ठेवावं. नव्या करारात छापील, ई-बुक, श्राव्य पुस्तक, अनुवाद आणि चित्रपट यांचे हक्क वेगवेगळे लिहावेत, ‘सर्व हक्क’ या दोन शब्दांवर सही करू नये. वर्गणी भरून हवं ते वाचायच्या-ऐकायच्या मंचांवर तर प्रत विकलीच जात नाही, एका सामाईक निधीतून वाचलेल्या पानांवर किंवा ऐकलेल्या तासांवर पैसे वाटले जातात. तिथे प्रकाशकाला मिळालेल्या रकमेतला हिस्सा किती, आणि मंचाकडून आलेला मूळ हिशेब लेखकाला पाहता येईल का, हे आधी विचारावं.

आता चौथा आक्षेप आपोआप समोर येतो: आम्ही पैसे मोजले तरी प्रकाशक लेखकाला देतच नाहीत! सगळे तसे नाहीत. वर्षाच्या वर्षाला विक्रीचा ताळा आणि धनादेश पाठवणारे प्रकाशकही मराठीत आहेत. पण किती प्रती छापल्या आणि किती खपल्या हे लेखकाला कळायची सोय बहुतेक ठिकाणी नाही, हे नाकारण्यात अर्थ नाही. हा अविश्वास नवा नाही आणि फक्त आपल्याकडचाही नाही. जपानमध्ये विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत प्रत्येक प्रतीच्या मागच्या पानावर लेखकाच्या शिक्क्याचं छोटं तिकीट चिकटवलेलं असे. लेखकाने जितकी तिकिटं शिक्का मारून दिली तितक्याच प्रती बाजारात जात आणि तितक्याच प्रतींची रॉयल्टी होई. आपल्याकडे एकोणिसाव्या शतकातल्या मराठी पुस्तकांच्या पहिल्या पानावर १८६७ च्या पंचविसाव्या आक्टाप्रमाणे पुस्तक रजिस्टर केलं असून सर्व हक्क ग्रंथकर्त्याने आपल्याकडे ठेवले आहेत, असा मजकूर ठळक छापलेला सापडतो. लिहिणाऱ्या माणसाला आपल्या प्रतींवर लक्ष ठेवावंसं वाटतं, यात लाजण्यासारखं काही त्या काळालाही वाटलं नव्हतं. आज ते शिक्क्याशिवाय करता येतं. ई-बुकची प्रत्येक विक्री मंचाच्या नोंदीत तारखेसह असते. तो अहवाल लेखकाला थेट दिसेल अशी व्यवस्था करायला प्रकाशकाला पैसा लागत नाही, फक्त तयारी लागते. छापील पुस्तकासाठी मुद्रकाच्या बिलाची प्रत लेखकाला द्यावी, त्यावर छापलेल्या प्रतींचा आकडा असतोच. जो प्रकाशक हे करील त्याला पीडीएफविरुद्ध बोलायचा पूर्ण अधिकार आहे. पण एकाने लेखकाचे पैसे थकवले म्हणून दुसऱ्याने ते मुळातच बुडवावेत, हा कुठला न्याय?

गरीब विद्यार्थ्याचं काय, असंही विचारलं जातं. त्याच्या बाजूने कायदा उभा आहे. दिल्ली विद्यापीठाच्या आवारातल्या फोटोकॉपी दुकानावर मोठ्या विदेशी प्रकाशकांनी केलेल्या दाव्यात दिल्ली उच्च न्यायालयाने २०१६ मध्ये विद्यार्थ्यांच्या बाजूने निकाल दिला, अभ्यासक्रमासाठी पुस्तकांतल्या भागांच्या प्रती काढायला मुभा आहे असं म्हटलं. स्वतःच्या अभ्यासापुरती प्रत काढणाऱ्यालाही संरक्षण आहे. हा निकाल मला योग्य वाटतो. पण महिन्याभरापूर्वी प्रसिद्ध झालेल्या कथासंग्रहाची फाइल दोन हजार लोकांच्या गटात टाकणाऱ्याने त्या विद्यार्थ्याच्या नावाआड लपू नये.

पैसे मोजून घेतलेलं ई-बुकही आपलं नसतं, ही तक्रार मात्र पूर्ण खरी आहे. २००९ मध्ये ॲमेझॉनने विकलेली कादंबरी ग्राहकांच्या किंडलमधून परस्पर काढून घेतली होती, पैसे परत दिले असले तरी. २०१९ मध्ये मायक्रोसॉफ्टने आपलं ई-बुकांचं दुकान बंद केलं आणि वाचकांची पुस्तकं नाहीशी झाली, तिथेही पैसे परत मिळाले आणि पुस्तकं गेली. २०२५ च्या फेब्रुवारीत किंडलची पुस्तकं संगणकावर उतरवून ठेवायची सोयही काढली गेली. नातवंडांसाठी कपाट भरून पुस्तकं ठेवणाऱ्या वाचकाला हे कसं पटावं? मराठी प्रकाशकांना इथे मोठ्या मंचांपेक्षा चांगलं वागायची संधी आहे. नक्कल रोखणारं डिजिटल कुलूप न लावलेला ईपब विकावा, प्रत्येक प्रतीत विकत घेणाऱ्याचं नाव आणि खरेदीचा क्रमांक उमटवावा, आणि वाचकाला ती फाइल हवी तिथे कायमची ठेवू द्यावी. नाव उमटलेलं पुस्तक माणूस बहिणीला देईल, अनोळखी दोन हजारांना देताना थांबेल. ज्याला फाइल फोडायचीच आहे तो कुलूपही फोडतोच. कुलपाचा त्रास होतो तो प्रामाणिक ग्राहकाला.

‘ज्ञान मुक्त असावं’ या वाक्याचा मान राखूनच एक प्रश्न विचारायला हवा: वाचकाने पैसे दिले नाहीत तर लेखकाला कोण देणार? मराठीने याचं एक उत्तर अनुभवलेलं आहे. पेशवाईतला, विद्वान ब्राह्मणांना दक्षिणा द्यायचा निधी इंग्रजी अमदानीत चालू राहिला आणि लोकहितवादींसारख्या सुधारकांच्या आग्रहामुळे एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला त्यातून मराठी ग्रंथांना बक्षिसं मिळू लागली. मराठी गद्याला त्याचा उपयोग झालाच. पण १८५५ मध्ये जोतीराव फुल्यांनी ‘तृतीय रत्न’ हे नाटक याच दक्षिणा प्राइज कमिटीकडे दिलं, तेव्हा ते नाकारलं गेलं. ते छापून यायला १९७९ उजाडलं. पैसा समितीकडे असला की काय लिहिलं जावं हेही समिती ठरवते. हजार अनोळखी वाचकांनी दिलेले तीस-तीस रुपये हा लेखकाला मिळू शकणारा सर्वांत स्वतंत्र पैसा आहे, कारण त्यातला कुणीही एकटा त्याला अमुक लिहू नको म्हणू शकत नाही. म्हणून फुकट द्यायचं की नाही हा निर्णय लेखकाचाच हवा. ई साहित्य प्रतिष्ठान लेखकांची परवानगी घेऊन पुस्तकं मोफत देतं, ते उत्तमच आहे. राज्य सरकारच्या साहित्य आणि संस्कृती मंडळाची बरीच पुस्तकं, विश्वकोशाच्या नोंदी सर्वांना मोफत आहेत, तेही योग्यच, कारण ते लेखन जनतेच्या पैशातून झालं आहे.

फुकट मिळणाऱ्या जुन्या नावाजलेल्या पुस्तकांचा खरा फटका नव्या लेखकाला बसतो, हे अमेरिकेने एकोणिसाव्या शतकात पाहिलं. १८९१ पर्यंत तिथे परदेशी लेखकांना संरक्षण नव्हतं. इंग्रज कादंबरीकार चार्ल्स डिकन्सच्या कादंबऱ्या तिथले अनेक प्रकाशक एक पैसाही न देता छापत आणि १८४२ च्या दौऱ्यात त्याने यावर जाहीर तक्रार केली तेव्हा तिथल्या वृत्तपत्रांनी त्यालाच लोभी ठरवलं. पण नुकसान एकट्या डिकन्सचं नव्हतं. ज्याला डिकन्स फुकट मिळतो तो प्रकाशक अनोळखी अमेरिकन तरुणाला पैसे देऊन का छापेल? गटांत फिरणाऱ्या मराठी फाइली पाहा. तीच ठरावीक नावाजलेली पुस्तकं पुन्हा पुन्हा असतात. त्यांच्या फुकट गर्दीशेजारी २५० रुपयांचं पहिलं पुस्तक घेऊन उभ्या असलेल्या लेखिकेकडे कोण पाहतं?

ज्यांना खरोखर पुस्तक परवडत नाही त्यांच्यासाठी ग्रंथालय आहे, आणि लेखक व वाचक या दोघांचंही तिथेच भलं करता येईल. डेन्मार्कने १९४६ मध्ये ग्रंथालयांतल्या पुस्तकांसाठी लेखकांना सरकारकडून मोबदला द्यायला सुरुवात केली. पुढे तो डॅनिश भाषेतल्या पुस्तकांपुरता ठेवला, म्हणजे ही योजना भाषेच्या रक्षणाचीही झाली. ब्रिटनमध्ये जॉन ब्रोफी या लेखकाने १९५१ मध्ये प्रत्येक उसन्या पुस्तकामागे एक पेनी अशी कल्पना मांडली. त्याची मुलगी ब्रिजिड ब्रोफी आणि इतर लेखकांनी ती लढवली, १९७९ मध्ये कायदा झाला, १९८४ मध्ये पहिले पैसे मिळाले आणि २०१८ पासून दुरून उसन्या दिलेल्या ई-बुकांनाही तो लागू झाला. तिथे निवडक ग्रंथालयांच्या नोंदींवरून देशाचा अंदाज काढतात, आणि एका लेखकाला वर्षाला ६,६०० पौंडांपेक्षा जास्त मिळत नाहीत, त्यामुळे सगळा निधी चार लोकप्रिय नावांकडे वाहत नाही. महाराष्ट्रात १९६७ च्या कायद्याखाली मान्यता मिळालेली ११ ते १२ हजार सार्वजनिक ग्रंथालयं आहेत. ती १२ हजार धरली, आणि प्रत्येकात दिवसाला सरासरी दहा पुस्तकं बाहेर जातात आणि ग्रंथालय वर्षाला ३०० दिवस उघडं असतं असं धरलं, तर ३ कोटी ६० लाख देवघेवी होतात. देवघेवीमागे २५ पैसे दिले तर खर्च ९० लाख रुपये. अभिजात दर्जा मिळालेल्या भाषेच्या राज्याला ही रक्कम जड आहे का? सगळीकडे संगणक नाहीत ही अडचण खरी, पण प्रत्येक जिल्ह्यातली संगणकीकृत नोंद असलेली तीन-चार ग्रंथालयं नमुना म्हणून पुरतात. सरकारी वर्गवारीतल्या एकाच वर्गाची ग्रंथालयं निवडली तर अंदाज चुकेल, म्हणून ‘अ’पासून ‘ड’पर्यंत सगळे वर्ग त्यात हवेत. ज्याची पुस्तकं वर्षात २० हजार वेळा बाहेर गेली त्याला ५,००० रुपये मिळतील. रक्कम छोटी आहे, पण आपलं पुस्तक किती वाचलं जातं याचा पहिला अधिकृत आकडा मराठी लेखकाला त्याबरोबर मिळेल.

आणि ज्यांना वाटायचीच हौस आहे त्यांच्यासाठी कितीतरी पुस्तकं मोकळी आहेत. लेखकाच्या मृत्यूनंतरची साठ वर्षं पुढल्या जानेवारीपासून मोजायची, की त्याच्या हयातीत प्रसिद्ध झालेल्या लेखनाची मुदत कळते. केशवसुत, बालकवी, गडकरी, हरिभाऊ आपटे केव्हाच मुक्त झाले. साने गुरुजी १९५० मध्ये गेले, त्यांचं लेखन २०११ च्या आरंभी मुक्त झालं. खांडेकरांसाठी २०३७ पर्यंत थांबायचं आहे, पु. ल. देशपांड्यांसाठी २०६१ पर्यंत. मूळ मजकूर मुक्त झाला तरी नव्या आवृत्तीची प्रस्तावना, टीपा, चित्रं मुक्त नसतात, म्हणून फाइल करताना जुनी आवृत्ती धरावी. यांतल्या कितीतरी पुस्तकांची शुद्ध, तपासलेली युनिकोड प्रत आजही नाही. मराठी विकिस्रोत या मुक्त ग्रंथांच्या संकेतस्थळावर हे काम थोडे लोक शांतपणे करत आहेत: एक पान स्कॅन, एक पान मजकूर, दुसऱ्याने पुन्हा तपासलेलं. आचार्य अत्रे आणि अण्णा भाऊ साठे दोघेही १९६९ मध्ये गेले. १ जानेवारी २०३० ला त्यांनी हयातीत प्रसिद्ध केलेली पुस्तकं सर्वांची होतील. अण्णा भाऊंच्या जुन्या आवृत्त्या शोधायच्या, त्यांतली बोलीतली रूपं ‘सुधारून’ न टाकता जशीच्या तशी उतरवायची, दोनदा वाचून घ्यायची, हे काम आत्ता सुरू केलं तर त्या दिवशी सकाळी गटात टाकायला एक चांगली फाइल तयार असेल.